टेस्टोस्टेरॉन कमी आलंय? इंजेक्शनआधी रिपोर्टचं मुद्रितशोधन करा

वीस वर्षं मी नागपुरातल्या एका दैनिकाच्या रात्रीच्या डेस्कवर आहे. आतल्या पानाच्या तळाशी छोट्या जाहिराती असतात. त्यात 'पुरुषांच्या गुप्त समस्या, हमखास इलाज' अशी एक चौकट ठरलेली. तिच्यातलं ऱ्हस्व-दीर्घ मी किती वेळा दुरुस्त केलं असेल, हिशेब नाही. त्या चौकटीचं गिऱ्हाईक मीच होईन असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

वय ४८. शहर आवृत्ती सोडून घरी पोचायला अडीच, डोळा लागायला साडेतीन, आणि सातला दूधवाल्याची बेल. दोनेक वर्षांपासून अंगात जीव नसल्यासारखं वाटायचं. इच्छा कमी झाली होती आणि सकाळी उठताना शरीर जी हजेरी लावतं, ती लागेनाशी झाली होती. बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मग ऑफिसात एका लॅबचं शिबिर लागलं. सगळ्या तपासण्यांच्या पॅकेजात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही होतं. खालच्या टपरीवर तर्री-पोहे खाऊन मी संध्याकाळी साडेपाचला हात पुढे केला. आकडा आला २३८, लाल अक्षरात, शेजारी खाली तोंड केलेला बाण. दुसऱ्या दिवशी दुपारी एका क्लिनिकचा फोन: "सर, तुमची लेव्हल लो आहे, आज संध्याकाळी या, पहिलं इंजेक्शन आमच्याकडून." माझा रिपोर्ट त्यांच्याकडे कसा गेला, हे मी विचारलं तेव्हा फोन कट झाला.

गेलो असतो, खोटं कशाला बोलू. पण आमच्या धंद्याची एक सवय आडवी आली. एकाच सूत्राच्या भरवशावर बातमी छापायची नाही. पुढच्या आठ महिन्यांत जे शिकलो ते इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही. हे वाचून औषध सुरू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका. डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं, तेवढं यातून घ्या.

आधी लक्षणं, मग आकडा

थकवा म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी, हे समीकरण जाहिरातवाल्यांचं. थकवा कशानंही येतो. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२, उदासपणा, अर्धवट झोप. या तपासण्या स्वस्त आहेत आणि आधी करायच्या आहेत. २०१० साली युरोपातल्या आठ केंद्रांमधल्या ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमी टेस्टोस्टेरॉनशी खरा धागा जुळला तो तीनच तक्रारींचा: इच्छा कमी होणं, सकाळचा ताठरपणा कमी होणं आणि ऐनवेळी ताठरपणा न येणं. या तिन्ही तक्रारी आणि कमी आकडा एकत्र असलेले पुरुष निघाले शंभरात दोनच्या आसपास. जाहिराती वाचल्या तर वाटतं, निम्मं नागपूर त्यात बसतं.

दाढी-काखेतले केस विरळ होणं, छाती बायकांसारखी भरणं किंवा दुखणं, वृषणं लहान होणं, अंगातून वाफा निघणं, किरकोळ पडझडीत हाड मोडणं, यातलं काही असेल तर मात्र वेळ घालवू नका. आणि फक्त ताठरपणाचीच अडचण असेल, इच्छा शाबूत असेल, तर बहुतेकदा दोष रक्तवाहिन्यांचा असतो. तिथं बीपी, साखर आणि हृदय आधी तपासा. हृदयाच्या दुखण्याची ती आगाऊ सूचना असू शकते.

डॉक्टरला औषधांची यादी पूर्ण सांगा. अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या आणि दम्या-सांध्यांसाठी महिनोन्‌महिने चाललेले स्टेरॉइड टेस्टोस्टेरॉन पाडतात. जिममध्ये 'सायकल' मारलेली, म्हणजे शरीर कमवायला बाहेरून हार्मोन घेतलेलं असेल, तर तीही सांगा, लाजू नका. बाहेरून आलेलं हार्मोन बंद झालं की शरीराचं स्वतःचं उत्पादन कित्येक महिने झोपून राहतं. आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आहे. त्या रुग्णांमध्येही हे आढळतं, तेव्हा घरात सिकलसेल असेल तर तेही बोला.

रक्त कधी द्यायचं

माझा पहिला नमुना हा चुकांचा नमुना होता. टेस्टोस्टेरॉन सकाळी वर असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान द्यायचं. तेही उपाशीपोटी, कारण खाल्ल्यावर, विशेषतः गोड-पिठूळ खाल्ल्यावर, आकडा खाली येतो. ताप, डेंग्यू, ऑपरेशन यांच्यानंतर लगेच तपासू नये, कारण आजारपणात ते तात्पुरतं पडतं. आणि झोप. २०११ साली शिकागोत धडधाकट तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. मी तर साडेतीन तासांवर वर्षानुवर्षं काढली होती.

रात्रपाळीवाल्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्यासाठी सकाळ ही सकाळच नसते. धंतोलीत ज्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवलं त्या म्हणाल्या, "आधी दहा दिवस सुट्टी घ्या, रात्री झोपा, मग रक्त द्या." वृत्तसंपादकांनी दहा दिवस ऐकून भुवया उंचावल्या, पण दिले. रोज रात्री अकराला अंथरुणावर. पहिले तीन दिवस छताचा पंखा मोजला, चौथ्या दिवसापासून झोपलो.

केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरला सांगा. काही पद्धतींच्या चाचणीत ती आकडा बिघडवते, म्हणून आधी काही दिवस बंद ठेवायला सांगतात. मी घेत होतो. केसही नाही राहिले, ती गोष्ट वेगळी.

आणि एकच तपासणी पुरत नाही. दोन वेगवेगळ्या सकाळी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. माझे आकडे आले ३१८ आणि ३३४. संध्याकाळच्या पोह्यांनंतरचे २३८ ते हेच. त्या फोनवाल्याचं ऐकलं असतं तर मी आज इंजेक्शनवर असतो.

रिपोर्ट कसा वाचायचा

आधी एकक बघा. आपल्याकडे बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर छापतात, काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर देतात. नॅनोमोलच्या आकड्याला २८.८ ने गुणलं की नॅनोग्रॅम मिळतात. माझ्या एका सहकाऱ्यानं '१४' बघून हाय खाल्ली होती. गुणाकार केला तर ४०३. पेढे वाटायचेच बाकी होते.

मर्यादेची रेषा कुठं, यावर डॉक्टरांच्या संघटनांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या मूत्रविकार तज्ज्ञांची संघटना ३०० च्या खाली कमी म्हणते. तिथल्याच हार्मोन तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत २६४ आहे. युरोपात साधारण २३० च्या खाली नक्की कमी, ३४५ च्या वर बहुधा ठीक आणि मधला पट्टा धूसर, असं धरतात. मी नेमका धूसर पट्ट्यात.

धूसर पट्ट्यात एसएचबीजी बघतात. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं, कामाला येतं ते मोकळं. पोट सुटलेलं असेल, मधुमेह असेल तर एसएचबीजी खाली जातं आणि एकूण आकडा आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. वय वाढलं, थायरॉइड जास्त झालं किंवा लिव्हर बिघडलं की एसएचबीजी वर जातं. मग एकूण आकडा छान दिसतो आणि मोकळा हिस्सा कमी असतो. मोकळं टेस्टोस्टेरॉन एकूण, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं दुसरं प्रथिन यांवरून हिशेबानं काढलेलं चांगलं. स्वस्तातल्या थेट किटचा आकडा फारसा भरवशाचा नसतो. माझं वजन तेव्हा ९४ किलो, एसएचबीजी कमी, आणि हिशेबानं निघालेलं मोकळं टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच्या खालच्या काठावर, पण आत.

का कमी आहे, हे न विचारता पुढं जाऊ नका

ही पायरी ते क्लिनिक पूर्ण गाळणार होतं. खरं तर सगळा मामला इथंच आहे.

डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, तो आमचा डेस्क. वृषणं म्हणजे छापखाना. डेस्क एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोनं पाठवून छापखान्याला हुकूम देतो. छापखानाच मोडला असेल तर डेस्क ओरडून ओरडून घसा फोडतो, म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त. डेस्कच पेंगत असेल तर टेस्टोस्टेरॉनही कमी आणि एलएचही कमी, किंवा असायला हवं तेवढं वर न गेलेलं. म्हणून आकडा कमी आला की एलएच, एफएसएच आणि पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन प्रोलॅक्टिन, हे तपासायलाच हवं. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल, किंवा टेस्टोस्टेरॉन अगदीच तळाला आणि एलएच गप्प असेल, तर पिट्युटरीत छोटी गाठ आहे का ते बघायला एमआरआय करतात. डोकं दुखणं आणि बाजूचं कमी दिसणं ही तिची लक्षणं. प्रोलॅक्टिनची गाठ बऱ्याचदा गोळ्यांनीच आटोक्यात येते. तिथं टेस्टोस्टेरॉन टोचत बसलात तर मूळ दुखणं झाकून ठेवलंत.

छापखाना मोडलेला माणूस माझ्या घरातच निघाला. माझा साडू. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर आहे, वय ५१. माझी कथा ऐकून त्यानं गुपचूप तपासून घेतलं. सकाळचा आकडा दोनदा दीडशेच्या खाली आणि एलएच नॉर्मलच्या तिप्पट. बारा-तेरा वर्षांचा असताना गालगुंड झाले होते आणि त्यात वृषणं सुजली होती, हे त्याला डॉक्टरांनी विचारल्यावर आठवलं. "भाऊ, मले वाटलं वय होऊन राहिलं," तो म्हणाला. "हे तं लहानपणीच होऊन गेलं होतं." नवरा-बायकोला मूल झालं नाही, त्याचा बोल पंचवीस वर्षं त्याच्या बायकोनं खाल्ला. त्याची तपासणी तेव्हा कोणी केलीच नाही.

डेस्क पेंगायची कारणं बहुतेकांमध्ये साधी असतात. वाढलेलं पोट, मधुमेह, दारू, झोप. ही सुधारली की आकडा काही प्रमाणात आपोआप वर येतो. माझं तेच होतं.

घ्यायचं की नाही

दोनदा सकाळी खरोखर कमी, लक्षणं जुळणारी आणि कारण दुरुस्त न होणारं, असे तिन्ही धागे जुळले तर उपचाराचा फायदा खरा असतो. साडूच्या बाबतीत प्रश्नच नव्हता. त्याची हाडंसुद्धा पातळ झाली होती.

वयामुळं थोडं उतरलेल्यांचं चित्र इतकं उजळ नाही. २०१६ साली अमेरिकेत ६५ च्या पुढच्या, कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली. इच्छा आणि कामक्षमता थोडी सुधारली, उत्साहात मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे 'एनर्जी'साठी इंजेक्शन घेणाऱ्याच्या पदरात फार काही पडत नाही. २०२३ साली हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवरची मोठी चाचणी आली. टेस्टोस्टेरॉनच्या जेलनं हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत, हा मोठा दिलासा. पण हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात गुठळी आणि किडनीला इजा यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त होतं. पुढच्या वर्षी त्याच चाचणीतून कळलं की हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालं नाही, उलट थोडं वाढलं.

आता जे क्लिनिकवाले बोलत नाहीत ते. मूल हवं असेल तर बाहेरून टेस्टोस्टेरॉन घ्यायचं नाही. बाहेरचा माल येतोय म्हटल्यावर डेस्क हुकूम पाठवणं बंद करतो आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. जगात याच तत्त्वावर पुरुषांच्या गर्भनिरोधकाचे प्रयोग झालेत. बंद केल्यावर बहुतेकांत शुक्राणू परततात, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतात. तरुणांसाठी डॉक्टरांकडं एचसीजी, क्लोमिफिनसारख्या औषधांचे दुसरे रस्ते असतात. ते विचारा.

प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कॅन्सर, पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीतला वाढलेला आकडा ज्याचा छडा लागलेला नाही, आधीच घट्ट रक्त, लघवीचा मोठा अडथळा, गंभीर आणि उपचार न घेतलेला घोरण्याचा आजार, आटोक्यात नसलेलं हृदयाचं दुखणं, गेल्या सहा महिन्यांतला झटका, यातलं काही असेल तर सहसा सुरू करत नाहीत.

प्रकार मुख्यतः दोन. जेल रोज खांद्या-दंडाला लावायचं. पातळी समान राहते, पण ओल्या खांद्यावर लेकराला घेतलं तर ते त्याच्या अंगात जातं. जेल वाळू द्या, हात धुवा, कपडा घाला. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर असूनही घामानं भिजलेल्या अंगावर याचं पथ्य पाळणं किती जमेल, याचा विचार सुरू करण्याआधीच करा. इंजेक्शनांत छोट्या मुदतीची आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी घेतात. त्यात पहिले काही दिवस माणूस उधळतो आणि शेवटचे काही दिवस मलूल होतो. लांब मुदतीचं अनडेकॅनोएट पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी आणि मग १० ते १४ आठवड्यांनी.

साडूसोबत मी एकदा गेलो होतो. चार मिलीलिटर एरंडेल तेलातलं औषध, मधासारखं दाट. सिस्टरनं बाटली तळहातांत धरून आधी कोमट केली. साडू कुशीवर झोपला, सुई कमरेखाली गेली आणि सिस्टर घड्याळाकडं बघत दट्ट्या ढकलत राहिली, पुरती दोन मिनिटं. घाई केली आणि तेल रक्तात शिरलं तर अचानक खोकला आणि धाप लागते. म्हणून नंतर अर्धा तास बाहेर बाकावर बसवतात. तुमचा कंपाउंडर दहा सेकंदांत टोचून मोकळा होत असेल तर दुसरा बघा.

सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला तपासण्या चुकवायच्या नाहीत. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर औषध थांबवतात, कारण रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका वाढतो. पीएसए आणि टेस्टोस्टेरॉनची पातळीही बघतात. लांब मुदतीच्या इंजेक्शनात ती पुढच्या डोसच्या अगदी आधी. इच्छेत फरक तीन-सहा आठवड्यांत जाणवायला लागतो, ताठरपणाला सहा महिनेही लागतात. आकडा नीट आला आणि सहा महिन्यांत तक्रार तशीच राहिली, तर तक्रारीचं कारण वेगळं होतं असं समजून डॉक्टरशी थांबण्याचं बोला.

खर्चाचं म्हणाल तर एका इंजेक्शनाची किंमत विचारू नका, वर्षाची विचारा, तपासण्या धरून. खाजगी परवडत नसेल तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांत मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. पुढं कुठं जायचं ते तिथून सांगतात. शिलाजित-अश्वगंधा घेत असाल तर लपवू नका. आणि मेडिकल स्टोअरवाल्या ओळखीच्या पोराकडून इंजेक्शन तर अजिबात नको.

माझं काय झालं

मी घेतलं नाही. डॉक्टरांनी घोरण्याबद्दल विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो आणि शेजारी बसलेली बायको हसली. झोपेची तपासणी झाली, तासाला २७ वेळा श्वास अडत होता. आता सीपॅपचा, म्हणजे दाबानं हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, मुखवटा लावून झोपतो. मुलगा त्याला 'पायलट' म्हणतो. एकट्या सीपॅपनं टेस्टोस्टेरॉन वाढतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. पण झोप लागते, म्हणून चालायला अंगात बळ राहतं. संध्याकाळी पाचला ड्युटीआधी अंबाझरी तलावावर पाऊण तास. एप्रिल-मे सोडून, तेव्हा घरातच जिन्यावर. सावजी रविवारी एकदा, तेही तर्री कमी घेऊन, जे सावजीचा अपमान आहे. महिन्याला दोन आठवडे दिवसपाळी मागून घेतली. त्यासाठी पुरवणीचं नावडतं पान गळ्यात पडलं.

आठ महिन्यांत वजन ८५ आणि सकाळचं, उपाशी, झोपून उठल्यावरचं टेस्टोस्टेरॉन ४०९. सकाळची हजेरी आठवड्यातून तीन-चारदा लागते. बायको अजूनही काही बोलत नाही, पण आता ते लागत नाही.

साडूचं गेल्या खेपेला हिमॅटोक्रिट ५२ निघालं, म्हणून डॉक्टरांनी दहाऐवजी बारा आठवड्यांनी बोलावलंय. त्याच्या बायकोनं तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे: 'तेल बदली'. येणारे-जाणारे विचारतात, स्कूटर कोणती घेतली.